मार्कांचा तक्ता आधी, पाकिटं नंतर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबईत सध्या ज्याच्या त्याच्या तोंडी रिडेव्हलपमेंटच आहे. आमच्या मुलुंड पूर्वेला तर एका गल्लीत चार बिल्डिंगी पाडून झाल्यात, दोन पाडायच्या वाटेवर आहेत, आणि भाजीवालीकडे उभं राहिलं तरी कोणाला किती एरिया मिळाला, कॉर्पस (बिल्डर प्रत्येक घराला देतो ती एकरकमी रक्कम) किती, काम होईपर्यंत बाहेर राहायला भाडं किती हेच कानावर पडतं. पण सोसायटी बिल्डर निवडते कशी, म्हणजे तो मार्कांचा तक्ता असतो ना ज्यात एरियाला इतकं वेटेज, अनुभवाला इतकं असं मांडून शेवटी बेरीज करतात, त्याबद्दल कोणी काही बोलत नाही. म्हणून हे पत्र. लांब झालंय, कापलंत तरी चालेल पण आकडे तेवढे राहू द्या.

आमची सोसायटी ३२ घरांची, तळ अधिक तीन मजले, लिफ्ट नाही, घरं ४०० फूट कार्पेटची. मी कमिटीत आहे आणि त्याआधी बरीच वर्षं बँकेत कर्ज विभागात होते, त्यामुळे तक्ते बघायची सवय आहे. मागच्या महिन्यात गच्चीवर सभा झाली, पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावला होता, आणि आमच्या पीएमसीने, म्हणजे सोसायटीनेच नेमलेल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंटने, तीन बिल्डरांची तुलना दाखवली. नावं लिहीत नाही, अ, ब आणि क म्हणते. वेटेज असं होतं : वाढीव एरिया ३५, कॉर्पस २५, भाडं १५, अनुभव १०, आर्थिक ताकद १०, वेळ ५. एकूण १००. प्रत्येक मुद्द्याला दहापैकी मार्क आणि मग वेटेजच्या दहाव्या भागाने गुणाकार, म्हणजे ३५ वेटेज असेल तर ३.५ ने. अ ला ८०, ब ला ७८.५, क ला ७०.५. पीएमसी म्हणाले अ पहिला आलाय, ठराव करूया. टाळ्यासुद्धा वाजल्या.

मी मोबाईलमध्ये तोच तक्ता भरला आणि एकच बदल केला. कॉर्पसचे २५ होते ते २० केले आणि ते पाच अनुभवाला दिले, बाकी काहीही हलवलं नाही. अ आला ७६.५ वर आणि ब गेला ७९.५ वर. म्हणजे १०० पैकी ५ मार्क इकडचे तिकडे केले की ३२ कुटुंबांचं घर कोण बांधणार ते बदलतं. आणि हे ५ मार्क कोणी ठरवले होते? सभेने नाही. मी उभी राहून विचारलं की वेटेज कधी ठरलं, तर उत्तर आलं की ऑफर आल्यावर तक्ता बनवताना. ऑफर बघून झाल्यावर वेटेज ठरलं! माझं सगळं म्हणणं खरं तर एवढ्यावरच आहे. पीएमसीने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला माझ्याकडे काहीही नाही, पण समोर आकडे उघडे असताना माणूस वेटेज लिहायला बसला की नकळत सुद्धा हात आवडत्याकडे वळतो आणि नंतर ते कोणाला पकडताही येत नाही, कारण बेरीज तर बरोबरच असते.

अजून एक गोष्ट त्या तक्त्यात होती जी घरी येऊन रात्री बसल्यावर कळली. एरियाला अ ची ऑफर ४२ टक्के, ब ची ४०, क ची ३९. पीएमसीची पद्धत अशी की सगळ्यात जास्त देईल त्याला १०, आणि मग प्रत्येक टक्क्याला एक मार्क कमी. म्हणून १०, ८, ७. ऐकायला बरोबर वाटतं. पण ४०० फुटाच्या घरात ४२ टक्के म्हणजे १६८ फूट आणि ४० टक्के म्हणजे १६० फूट. फरक आठ फुटांचा. चार फूट लांब आणि दोन फूट रुंद, माझ्या किचनचा ओटा नेमका तेवढा आहे, मी टेप लावून मोजला. त्या ओट्याएवढ्या जागेसाठी अ ला ब पेक्षा ७ मार्क जास्त मिळाले (दोन मार्कांचा फरक गुणिले ३.५). आणि ब ने कितीतरी बिल्डिंगी पूर्ण करून लोकांना चाव्या दिल्यात, अ ने एकच, तर अनुभवात ब ला ९ आणि अ ला ३, त्या सहा मार्कांच्या फरकाचे तक्त्यात झाले फक्त ६. म्हणजे एका ओट्याचं वजन बिल्डरच्या आख्ख्या कामापेक्षा जास्त भरलं. हे कोणाला सभेत सरळ विचारलं असतं, की बाई तुम्हाला ओटा हवा की घर पूर्ण करणारा माणूस हवा, तर एकानेही ओटा म्हटलं नसतं.

यावर उपाय सोपा आहे, पट्टी आधी ठरवायची. समजा ३० टक्क्याला शून्य आणि ५० टक्क्याला दहा. मग ४२ ला सहा आणि ४० ला पाच मिळतात, त्या ओट्याचे सातऐवजी साडेतीनच मार्क होतात. आणि दुसरा फायदा असा की एखादा बिल्डर मध्येच मागे हटला तरी बाकीच्यांचे मार्क हलत नाहीत. "सगळ्यात जास्तवाल्याला दहा" या पद्धतीत अ ने ऑफर काढून घेतली असती तर ब चे काहीही न बदलता आठाचे दहा झाले असते. नुसती एक ऑफर आत टाकून किंवा काढून दुसऱ्यांचे मार्क वरखाली होतात हे फार वाईट आहे, त्याचा कोणीही फायदा घेऊ शकतो.

आणि वेटेजच्या बेरजेकडे पण बघा. एरिया ३५, कॉर्पस २५, भाडं १५. तिन्ही शेवटी पैसाच ना? एकच गोष्ट तीन नावांनी लिहिली आणि ७५ मार्क त्यातच गेले. उरलेल्या २५ मध्ये बिल्डर काम पूर्ण करेल का, त्याच्याकडे पैसा आहे का, वेळेत देईल का. आता माझ्यासारखीला हे २५ का टोचतात ते सांगते.

माझ्या नणंदेची बिल्डिंग पश्चिम उपनगरात होती. तिथेही असाच तक्ता झाला होता, असाच मोठा कॉर्पस असलेला बिल्डर पहिला आला होता. बिल्डिंग पाडली, पहिलं वर्ष भाड्याचे चेक आले, दुसऱ्या वर्षी उशिरा यायला लागले, तिसऱ्या वर्षी बंद. पायलिंग होऊन काम थांबलं, पत्रे लावलेत, आत पावसाचं पाणी साचतं. ती दोघं डोंबिवलीला भाड्याने गेली ती सहा वर्षं झाली, भाडं स्वतःच्या पेन्शनमधून. भावोजी दोन वर्षांपूर्वी त्या भाड्याच्या घरातच गेले. जाण्याआधी महिनाभर ते रोज विचारायचे की स्लॅब पडला का. त्या तक्त्यात त्या बिल्डरला आर्थिक ताकदीत किती मार्क होते हे मी नंतर नणंदेकडून कागद मागवून बघितलं. दहापैकी दोन. दोन मार्क दिसत होते सगळ्यांना, पण एरियाने आणि कॉर्पसने ते भरून काढले.

हे जे भरून काढणं आहे ना, तिथेच सगळी गोम आहे. काही गोष्टींना मार्क द्यायचेच नसतात, त्या हो किंवा नाही अशाच असतात. आपल्याकडे हे कोणाला समजावून सांगायची खरं तर गरज नाही. पत्रिका जुळवतात तेव्हा ३६ गुण असतात, ते सगळे सारखे नसतात : वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, राशिकूट ७ आणि नाडी ८. १८ च्या वर जुळले तर पुढे जायचं. म्हणजे वेटेजचा तक्ता आपल्या घराघरात कधीपासून आहे. आणि एकनाड आली की बाकीचे सगळे म्हणजे २८ गुण जुळले तरी मानणारे लोक स्थळ सोडून देतात, आठ गेले म्हणून २८ वर समाधान मानत नाहीत. पत्रिका मानायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण हिशोबाची ही रीत पक्की आहे. तसंच रक्ताचं. गट जुळत नसेल तर बाटली ताजी आहे याचे मार्क कोणी धरत नाही. मग बिल्डरच्या बाबतीतच आपण आर्थिक ताकद २ आणि एरिया १० यांची बेरीज का करतो? आर्थिक ताकदीत अमुक मार्कांच्या खाली असेल, बँक गॅरंटी (बिल्डरने शब्द पाळला नाही तर बँक पैसे भरेल अशी हमी) द्यायला तयार नसेल, एखादी सोसायटी अर्धवट सोडलेली असेल, तर तो तक्त्यात येताच कामा नये, मग त्याने ६० टक्के एरिया देऊ केला तरी.

आता कोणी म्हणेल की सरकारचे नियम आहेत ना. आहेत. सहकार कायद्याच्या ७९अ खाली ३ जानेवारी २००९ चा जीआर होता, मग ४ जुलै २०१९ ला नवा आला. सभेला दोन तृतीयांश सभासद हवेत, ५१ टक्के संमती हवी, उपनिबंधकांकडून अधिकृत माणूस हजर हवा, व्हिडिओ शूटिंग हवं, बिल्डरने प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी द्यावी, हे सगळं त्यात आहे आणि ते चांगलंच आहे. पण तुलना करताना कशाला किती वजन द्यायचं आणि ते कधी ठरवायचं हा भाग ज्या त्या सोसायटीवर आणि तिच्या पीएमसीवर सोडलेला आहे. शूटिंग कशाचं होतं तर हात वर करण्याचं. त्याआधी तक्त्यात काय झालं त्याचं कुठे शूटिंग असतं?

सरकार स्वतः मात्र असं करत नाही. महापालिकेच्या टेंडरात पाकीट ए, पाकीट बी आणि पाकीट सी असतात, दराचं पाकीट सी शेवटी उघडतात, आधीच्या पाकिटात जो नापास झाला त्याचं सी उघडतच नाहीत. केंद्र सरकारच्या कामात कन्सल्टंट नेमताना गुणवत्ता आणि दर दोन्हीचे मार्क धरतात, त्याला क्यूसीबीएस म्हणतात, तिथे मुद्दे आणि वेटेज टेंडर काढतानाच कागदावर छापायला लागतं. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राच्या अर्थ खात्याने बांधकामाच्या आणि इतर कामांनाही काही अटींवर ही पद्धत वापरायची परवानगी दिली आणि दर सोडून बाकी गोष्टींना ३० टक्क्यांच्या वर वेटेज द्यायचं नाही अशी मर्यादाही घातली. ही मर्यादा घरांच्या बाबतीत तशीच घ्यावी असं माझं मत नाही, रस्त्याचं काम आणि आपलं राहतं घर यात फरक आहे. पण वेटेज आधी आणि पाकीट नंतर हा क्रम तरी उचलायला काय हरकत आहे?

आमच्या सभेत पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले की हे मार्क बिर्क सोडा, अनुभवी माणसं आहोत, हात वर करा आणि मोकळे व्हा. त्यांचा राग मला समजतो कारण तीन वर्षं हेच चाललंय आणि त्यांना गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत. पण नुसता हात वर करायचा म्हटलं की जो शेवटी बोलला त्याचं म्हणणं डोक्यात राहतं. १७७२ साली बेंजामिन फ्रँकलिनने प्रीस्टली नावाच्या मित्राला पत्रात हेच लिहिलं होतं, प्रीस्टलीला एक नोकरी घ्यावी की नाही ते कळत नव्हतं. फ्रँकलिन म्हणाला की अवघड निर्णयात सगळी कारणं एकाच वेळी डोळ्यासमोर नसतात, कधी ही बाजू दिसते कधी ती, म्हणून कागदाच्या मधोमध रेघ मार, तीन चार दिवस दोन्हीकडे सुचेल ते लिहीत जा, मग सारख्या वजनाची कारणं समोरासमोर खोडून टाक आणि काय उरतं ते बघ. अडीचशे वर्षं झाली त्याला. आमच्या गच्चीवर नेमकं तेच होत होतं, पार्किंगचं कोणी बोललं की सगळे पार्किंगवर, भाड्याचं निघालं की सगळे भाड्यावर.

मार्क कसे द्यायचे यातही शिकण्यासारखं आहे. पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले डॅनियल काहनेमन १९५५ मध्ये इस्रायलच्या सैन्यात तरुण अधिकारी होते, भरतीच्या मुलाखतींची पद्धत त्यांना सुधारायला सांगितली. आधी मुलाखत घेणारा माणूस गप्पा मारून एकदम आपलं मत द्यायचा आणि ते फारसं खरं ठरायचं नाही. काहनेमननी सहा गुण ठरवले, एका गुणाचे प्रश्न विचारून त्याचे मार्क लिहायचे आणि मगच दुसऱ्याकडे जायचं, आणि सगळ्यात शेवटी डोळे मिटून जे वाटतं त्याचेही मार्क द्यायचे. त्याने निवड सुधारली, आणि ते शेवटचे डोळे मिटून दिलेले मार्कसुद्धा उपयोगी निघाले, कारण आधी सगळं नीट बघून झालेलं होतं. सोसायटीने हेच करावं, आधी तिन्ही बिल्डरांचा अनुभव बघून त्याचे मार्क, मग तिघांची आर्थिक ताकद, असं एकेक. एका बिल्डरचं चकचकीत प्रेझेंटेशन बघून त्याला ओळीने सगळे मार्क दिले की ज्याचा सॅम्पल फ्लॅट छान त्याला वेळेतही आठ पडतात!

वेळेचं तर अजूनच. आमच्या तक्त्यात वेळेचे मार्क कशावरून दिले तर बिल्डरने किती महिने लिहिलेत त्यावरून. अहो लिहायला काय जातंय. त्यापेक्षा महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या वेबसाईटवर त्या बिल्डरचे आधीचे प्रोजेक्ट उघडावेत, तिथे आधी दिलेली पूर्णत्वाची तारीख असते आणि वाढवून घेतलेली असेल तर ती पण दिसते. दोन तारखांमधला फरक काढा, झाले मार्क. मी एका दुपारी अर्धा पाऊण तास बसून तिघांचं काढलं, त्याला कोणी एक्सपर्ट लागत नाही.

आता आमच्याकडे पुढे काय झालं ते. ऑफर तर आधीच फुटल्या होत्या, ते काही परत लिफाफ्यात जात नाही, त्यामुळे आम्ही केलं ते शंभर टक्के चोख आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या सभेत शेवटी ठराव थांबला आणि असं ठरलं की प्रत्येक घराने एका कोऱ्या चिठ्ठीवर सहा मुद्द्यांना मिळून १०० मार्क वाटायचे, नाव लिहायचं नाही, घरात बोलून ठरवायचं. ३२ पैकी २८ चिठ्ठ्या आल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी एकट्या भाड्याला ४० दिले होते, अक्षर ओळखीचं होतं म्हणून कळलं. नंतर जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, अगं मला नवीन घर बघायला मिळेल का माहीत नाही, पण तोपर्यंत राहायचंय ते भाड्याच्याच घरात ना. हे आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. दोघांनी तर सातवा मुद्दा स्वतःच घातला होता, भाड्याचं घर मुलुंडमध्येच मिळेल एवढं भाडं देणार का, कारण मुलं इथल्या शाळेत आहेत. तो मुद्दा खरं तर आधीच तक्त्यात हवा होता. या वेळी ते मार्क भाड्यात धरले.

सरासरी निघाली ती अशी : एरिया २४, कॉर्पस १४, भाडं १७, अनुभव १९, आर्थिक ताकद १८, वेळ ८. पीएमसीचे दहापैकीचे मार्क तसेच ठेवले, फक्त वेटेज सभासदांचं घातलं. ब ला ८०.५, क ला ७२, आणि अ ला ६५.९. पहिला होता तो तिसरा. मग ५ मार्क एरियाकडे सरकवून बघितले, १० सरकवून बघितले, तरी ब च पुढे राहतो. पहिल्या तक्त्यात ५ मार्कांत निकाल उलटत होता आणि इथे १० ला पण उलटत नाही, तेव्हा कुठे मला झोप लागली. ज्या सोसायटीत तक्ता झालाय त्यांनी एवढी एक गोष्ट तरी आजच करून बघावी, ५ मार्क इकडचे तिकडे करून. निकाल बदलला तर तो निकाल नाही, ते दोघं सारखेच आहेत आणि दीड मार्कावरून कोणाला पहिला म्हणू नये.

माझी मागणी सहकार खात्याकडे आहे, तुमच्या मार्फत. ७९अ च्या जीआरमध्ये एक कलम घाला की मुद्दे, वेटेज, मार्कांची पट्टी आणि कशात नापास झालं की बाद, या चार गोष्टी सर्वसाधारण सभेने ऑफर उघडण्याआधी मंजूर करायच्या, इतिवृत्तात लिहायच्या, आणि त्याच दिवशी बिल्डिंगच्या बोर्डावर लावायच्या. जो अधिकृत माणूस मतदानाला येतो त्याने आधी तो कागद आणि त्यावरची तारीख बघायची. याला पैसा लागत नाही, एक जादा सभा लागते.

आमचं मतदान पुढच्या रविवारी आहे. त्या २८ चिठ्ठ्या माझ्याकडे बिस्किटाच्या डब्यात ठेवल्यात, अ च्या बाजूचे दोघं काल येऊन बेरीज तपासून गेले, चहा घेतला, एक ठिकाणी माझा सातचा एक झाला होता तो त्यांनीच दुरुस्त केला. अजून कोणाला बघायच्या असतील तर संध्याकाळी सातनंतर मी घरीच असते.

आपली,
एक सभासद, मुलुंड पूर्व